मासोळी, आलू आणि कुत्र्याचं पोट

कुत्र्याला जगायला काय लागतं याचा मी कधी विचार केला नव्हता. उरलेली पोळी, पाणी आणि पडायला सावली, एवढं माहीत होतं. आमच्या कुत्र्याने पाच वर्षं त्यावर काढली आणि मग एका हिवाळ्यात त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच.

देवळीला आमची पिठाची चक्की आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी चालवते. नवरा शेती बघतो. चक्कीच्या आवाजाने त्याचं डोकं दुखतं असं तो लग्न झाल्यापासून सांगत आलाय, आणि मी ते मान्य करून टाकलंय, कारण दोघांनी मिळून एक चक्की चालवली असती तर रोज भांडण झालं असतं. घराच्या पुढच्या खोलीत चक्की, मधे आमच्या खोल्या, मागे अंगण. चक्कीच्या खोलीत भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे. त्यावर सासरे बसायचे, आणि बाकाखाली कुत्रा.

सासरे ऐंशीच्या घरात आहेत. चक्कीजवळ जन्म गेल्यामुळे कान कामातून गेलेत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे आमच्या घरातली गोष्ट घरात राहत नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते दिवसचे दिवस बोलत नसत. त्याच वर्षी एक मळकट पिल्लू दळणाच्या रांगेतून आत आलं आणि बाकाखाली झोपलं. मी त्याला दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा सासरे म्हणाले, "राहू दे वं. कोनाची जागा खाऊन राह्यलं ते?" महिन्याभरातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं, म्हणून राहू दिलं.

तेव्हा कुत्रा सासऱ्यांचा, माझा नाही, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. जेवायला बसले की ते आधी पोळीचा एक तुकडा मोडून बाजूला ठेवत. तो कुत्र्याचा. मग आपला घास. ही सवय पिल्लू यायच्या कितीतरी आधीची. तेव्हा तो तुकडा दारात जो कुत्रा उभा असेल त्याला जायचा.

पोट बिघडल्यावर आम्ही सगळे करतात तेच केलं. एक दिवस उपाशी ठेवलं. दही-भात दिला. सासऱ्यांनी बेलफळाचा गर चारला. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी कधी पिवळं पाणी ओकायचा. खायला मात्र पुढे. "खाते तं समदंच," सासरे म्हणायचे, "मंग जाते कुठी?" संक्रांतीपर्यंत त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात गाई, बैल, शेळ्या येतात. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा जंताचं औषध दिलं आणि तिसऱ्यांदा सरळ सांगितलं, "हे जुनं दुखणं दिसतंय. वर्ध्याला दाखवा, तिथे कुत्र्यांच्या डॉक्टर आहेत." कळत नसेल ते कळत नाही म्हणणारा माणूस मला आवडतो. आम्ही पोती नेणाऱ्या टेम्पोत कुत्र्याला घातलं. सासरे न विचारता पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.

वर्ध्याच्या डॉक्टर पस्तिशीच्या असतील. त्यांनी कुत्र्याला हात लावायच्या आधी अर्धा तास प्रश्न विचारले. किती दिवस झाले? दिवसातून किती वेळा? थोडं थोडं की एकदम पुष्कळ? कुंथतो का? शेम पडते का, रक्त पडतं का? ओकतो ते खाल्ल्यावर लगेच की उपाशीपोटी? मला एकाही प्रश्नाचं नीट उत्तर आलं नाही. कोणाच्या डब्यात किती गहू आणि त्यात किती सोयाबीन हे मी झोपेत सांगू शकते, पण हे मी पाहिलंच नव्हतं.

मी सासऱ्यांच्या कानाशी ओरडले, "मामाजी, दिसातून किती डाव जाते?"

"तीन डाव," ते लगेच म्हणाले. "सकायी पातय, पिवयं, लय सारं. दुपारी कमी. कुंथत नाई. रगत नाई. ओकते ते सूर्य निंघाच्या आधी. अन् महिनाभरापासून माती चाटते."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही रोज मागे जाता त्याच्या?"

त्यांना ऐकू गेलं नाही. मी सांगितल्यावर म्हणाले, "मंग? दुसरं काय काम हाय मले?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला पटलं, कारण त्या कामाच्या क्रमाने बोलत होत्या. तीन आठवड्यांच्या वर चाललं की ते जुनाट. थोड्या वेळा पण पुष्कळ जातं, वजन उतरतं, म्हणजे दुखणं लहान आतड्याचं असावं. आधी बाकीचं वगळायचं: जंत, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड. मी तीन दिवस सकाळी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत नमुना घेऊन वर्ध्याला पाठवला. टेम्पोवाल्याला बाटलीत काय आहे ते सांगितलं नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. जंत नव्हते. बाकी अवयव ठीक. आतड्याची भिंत मात्र जाड झालेली, आणि रक्तातलं प्रथिन कमी.

"सूज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कशाने आहे ते फोटोत दिसत नाही, रक्तातही दिसत नाही. सूज कशाने उतरते त्यावरून ती कशाची ते कळतं. पहिल्यांदा अन्न बदलून बघायचं. बऱ्याच कुत्र्यांचं तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर नागपूरला नेऊन, भूल देऊन, नळी घालून आतड्याचा तुकडा काढायचा आणि तपासायचा. मग जन्मभराची औषधं."

आमची चक्की बंद पडली की मीही आधी फ्यूज बघते, मग पट्टा, आणि दगड सगळ्यात शेवटी उघडते. उगाच दगड उघडला तर दिवस जातो आणि कधी दगडही जातो. मी म्हटलं, "समजलं. आधी फ्यूज."

"पण एक आहे ताई," त्या म्हणाल्या. "प्रथिन असंच उतरत गेलं तर भूल देणंच धोक्याचं होईल. फार थांबता येणार नाही. मी पाच आठवडे देते आणि नागपूरची तारीख आत्ताच घेऊन ठेवते. या पाच आठवड्यांत त्याने पूर्वी कधीच न खाल्लेल्या दोन वस्तू द्यायच्या. फक्त दोन. तिसरं काही तोंडात गेलं तर सगळं पहिल्यापासून."

त्याने कधी न खाल्लेलं काय, हे शोधायला आम्हाला परतीचा सगळा रस्ता लागला. कोंबडी खाल्लेली, बकऱ्याची हाडं खाल्लेली, अंडी, दूध, भात, भाकर, चून म्हणजे पिठलं, लग्नातली बुंदी, सगळं झालेलं. शेवटी मासोळी आणि आलू निघालं. मासोळी आमच्या घरात कोणी खात नाही, नवऱ्याला वास सहन होत नाही. डॉक्टरांनी फोनवर होकार दिला. वरून आठवड्याला एक जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, तेवढं.

मग मी रोज सकाळी मासोळी उकडायची, काटे काढायचे, आलू कुस्करायचा. काटे काढायला पाऊण तास जाई. शेजारची बाई दळण घेऊन आली की नाकाला पदर लावायची. "काय वं वहिनी! कुत्र्याले मासोळी अन् बुढ्याले चून? कोन्या जन्माचं पुन्य हाय त्याचं?"

"तुमालेही देतो," मी म्हणायची. "काटे काढून द्या, अर्धी तुमची."

डॉक्टरांनी एक कागद दिला होता, त्यावर कुत्र्याच्या शौचाची सात चित्रं, एकपासून सातपर्यंत. एक म्हणजे दगडासारखं, सात म्हणजे पाणी. दोन-तीन चांगलं. मी रोजचा आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहू लागले. नवरा म्हणाला, "हे सैपाकघरात कायले?" मी म्हटलं, "तू चक्कीत येत नाई, तुले कुठी दाखवू?"

पहिल्या आठवड्यात सहाचा पाच झाला. आम्ही खूश झालो. दुसऱ्या आठवड्यात पाच. तिसऱ्यात पाच, पाच, सहा. वजन तिथेच. फोनवर डॉक्टरांनी एकच विचारलं, "ताई, बाहेरून काही मिळतंय का त्याला?"

मला वाटलं, मला माहीत आहे काय मिळतंय ते.

सासरे आजवर मधल्या खोलीत दाराशी बसून जेवायचे, कुत्रा उंबऱ्यावर. मासोळी सुरू झाली तसे ते ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागले आणि दार लावून घ्यायला लागले. ताट चाटूनपुसून परत यायचं. आधी एका पोळीवर नको म्हणणारा माणूस दार लावून दोन पोळ्या संपवतो. आतल्या खोलीला अंगणाकडे खिडकी आहे, आणि खिडकीखाली कुत्रा दुपारचा पडायचा. मी दोन आणि दोन चार केले.

एकदा हळूच विचारलं, म्हणजे आमच्या घरात जेवढं हळू जमतं तेवढं. "मामाजी, तुकडा-बिकडा तं देत नाई ना?"

"म्या नाई देल्ला."

"सवयीनं, चुकून?"

"शप्पथ हाय. म्या देल्ला नाई."

माझा विश्वास बसला नाही. मी त्यांच्या खोलीतला बिस्किटाचा डबा उचलून वर फळीवर ठेवला. जेवणाआधी पोळीचे तुकडे मोजून ठेवायचीही बुद्धी मला झाली होती, पण तेवढ्यावर थांबले. त्यांनी डबा कुठे गेला हे विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात कुत्र्याचे मागचे पाय बाकाखालून उठताना लटपटले. त्या दिवशी चक्कीत सात-आठ बाया होत्या. सासरे वाकून त्याला उठवत होते. माझ्या हातात कोणाचा तरी डबा होता, तो मी आपटला आणि सगळ्यांदेखत, चक्कीच्या वर आवाज चढवून म्हटलं, "तुमीच मारान त्याले! तुमच्या एका तुकड्यापायी मरन तो, अन् मंग रडत बसा!"

सासऱ्यांना एवढं मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आलं. त्यांनी कुत्र्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उभं केलं आणि परत बाकावर बसले. बाया आपापल्या डब्यांकडे बघत राहिल्या.

मी असं बोलणारी बाई आहे. बोलून झाल्यावर मला बहुतेक वेळा हलकं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही, पण दळण होतं, मी दळत राहिले.

नागपूरच्या तारखेला दहा-बारा दिवस उरले असताना संध्याकाळी वावधान सुटलं. मे महिना होता. टिनं उडाली, चौकातला लिंब आडवा झाला आणि आमच्या भागाची विजेची डीपी जळाली. नवी डीपी यायला चार दिवस लागले. चक्की बंद, पंखा बंद, कूलर बंद. घरात थांबणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही सगळे मागच्या अंगणात, सासरे खाटेवर आणि कुत्रा खाटेखाली ओल्या मातीत. रिकामपण होतं म्हणून मी चक्की आतून-बाहेरून ओल्या फडक्याने पुसून काढली आणि कुत्र्यालाही एकदा बादलीभर पाणी घालून धुतलं, गर्मीने धापा टाकत होता म्हणून. पाणी पांढरं आणि चिकट वाहिलं, खळीसारखं. मी ते पाहिलं आणि तरी मला काही सुचलं नाही.

वीज आली तेव्हा अख्ख्या मोहल्ल्याचं दळण तुंबलेलं. दारापासून रस्त्यापर्यंत डबे. दोन दिवस मी मान वर केली नाही. आकडे लिहायचं काम सासऱ्यांनी त्या दिवसांत आपणहून केलं होतं. कुत्र्याच्या मागे जायचं, येऊन चित्र बघायचं, पेन्सिलने आकडा टाकायचा. माझ्याशी ते कामापुरतंही बोलत नव्हते.

तिसऱ्या सकाळी मी चहा ठेवला आणि कॅलेंडरकडे पाहिलं. वादळाच्या दिवशी पाच. मग पाच, चार, तीन, तीन. मग वीज आली. चार. सहा.

मासोळी तीच. आलू तेच. पोळी सासरे अंगणात आमच्या सगळ्यांसमोर, कुत्र्याकडे पाठ करून खात होते, लपवायला दारच नव्हतं, आणि तेव्हाच आकडा उतरला होता. बंद होती ती फक्त चक्की.

गॅस बंद करून मी पुढे गेले. अजून कोणी आलं नव्हतं. कुत्रा बाकाखाली उठून बसला होता आणि स्वतःला साफ करत होता. पुढचा उजवा पंजा, बोटांच्या मधे, मग डावा, मग छाती, मग पोटाची बाजू. सावकाश, काही न सोडता. नवीन गिऱ्हाईक त्याला पांढऱ्या पायांचा कुत्रा म्हणायचं. धुतला तेव्हा त्याचे पाय तांबूस निघाले होते, तेही मी पाहिलं होतं.

चक्की चालते तेव्हा पीठ हवेत उडतं. भिंतीवर बसतं, पंख्यावर बसतं, भुवयांवर बसतं. आम्हाला ते दिसेनासं झालेलं असतं. आमच्याकडे बहुतेक लोक गव्हात सोयाबीन घालून दळतात, कोणी चणाही घालतं. हे सगळं दिवसभर त्या कुत्र्याच्या अंगावर पडत होतं आणि तो ते चाटून पोटात घालत होता. डॉक्टरांना मी आमचं दुकान आहे एवढंच सांगितलं होतं. कसलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगावंसं वाटलं नाही. अन्न म्हणजे ताटात वाढतो ते, एवढीच माझी समजूत.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. संध्याकाळी चक्की बंद केली की मी पायरीवर दहा मिनिटं बसते. पाय दुखतात म्हणून. तेव्हा कुत्रा यायचा आणि माझे हात चाटायचा, बोटं, मनगट, कोपरापर्यंत, मग पायांची बोटं. मी त्याला कधी कुरवाळलं नाही, पण तेवढं करू द्यायची. पाच वर्षं रोज. मासोळीच्या चारही आठवड्यांत रोज. दुसऱ्याच्या तुकड्यावर पहारा ठेवणारी मी, त्याला रोज संध्याकाळी माझ्या हातांनी जेवू घालत होते.

सासरे अंगणात दात घासत होते. मी तिथे जाऊन उभी राहिले. असल्या गोष्टी सांगायची मला सवय नाही, तेव्हा लवकर उरकावं म्हणून एका दमात म्हटलं, "मामाजी, माही चूक झाली."

"आँ?"

"माही चूक झाली!"

"कायची चूल?"

तोपर्यंत पुढे दोघीतिघी डबे घेऊन आल्या होत्या. शेजारची बाईही होती. मी पोटातून आवाज काढला. "चूक! चूक झाली माही! तुमी पोयी नाई देल्ली! माह्या चक्कीच्या पिठानं त्याचं पोट बिघडलं! मीच चारून राह्यली होती त्याले!"

पुढून शेजारीण ओरडली, "काय झालं वं वहिनी? कोनाले काय चारलं?"

सासऱ्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं. "आयकू आलं," ते म्हणाले. "आता वर्ध्याले आयकू जाईन असं बोलू नको."

मी त्यांना सगळं सांगितलं, पंजे, पीठ, कॅलेंडर. ते ऐकत होते की ओठ वाचत होते कोण जाणे. मग मी विचारलं, जे मी चार आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं. "मंग दार लावून काऊन जेवत होते?"

त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. तो माझ्या मागे मागे आला होता आणि दोघांच्या मधे बसला होता. "तो पाह्यते ना," ते म्हणाले. "त्याच्यासमोर घास कसा टाकू मी तोंडात? त्याले काय माईत डॉक्टरीन काय बोलली ते. त्याले वाटन, बुढा बदलला."

मी फळीवरून बिस्किटाचा डबा काढून त्यांच्या खोलीत ठेवला आणि चक्की सुरू करायला गेले.

डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पिठाची चक्की! ताई, हे मला पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, तुम्ही शंभर प्रश्न विचारलेत, एखादा राहायचाच. त्यांनी नागपूरची तारीख दोन आठवडे पुढे ढकलली. कुत्र्याला चक्कीपासून पूर्ण तोडायचं. त्याला रोज ओल्या कपड्याने पुसायचं. मधलं दार बंद. आणि मी चक्कीतून आले की अंघोळ केल्याशिवाय ना मासोळीला हात लावायचा, ना कुत्र्याला.

मी सासऱ्यांना सांगितलं, "कुत्रा मांगं राहीन. तुमी पुढी बसा आपले, बाकावर."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चक्की उघडली तर बाकावरचं घडी घातलेलं पोतं नव्हतं. मागे जाऊन पाहिलं, तर ते अंगणातल्या लिंबाखाली खाटेवर अंथरलेलं, सासरे त्यावर बसलेले, कुत्रा पायाशी. तरुणपणापासून ते त्या चक्कीच्या खोलीत होते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या प्रत्येक दिवसात डाव्या हाताला ते होते. बाया विचारायच्या, "बुढा कुठी गेला?" मग त्या दळण लावून बोळीतून मागे जायला लागल्या, त्यांच्याशी ओरडून गप्पा मारायला. माझ्याजवळ चक्कीचा आवाज तेवढा राहिला. थोडे दिवस मी काहीही सांगायला डावीकडे मान वळवायची.

दोन आठवडे तीन, तीन, दोन, तीन असे गेले. उलटी एकदाही नाही. वर्ध्याला रक्त तपासलं, प्रथिन चढलेलं. वजन दीड किलो वाढलेलं. डॉक्टर खूश होत्या, आणि मग म्हणाल्या, "आता एक शेवटचं राहिलं. दोन दिवस त्याला चक्कीत बसवा, आधीसारखं. पुन्हा बिघडलं तर निदान पक्कं. नाहीतर आपण फक्त अंदाजाने म्हणतोय. कदाचित आपोआप बरा झाला असेल."

मला हे एकदम पटलं. पट्टा बदलल्यावर चक्की चालली, तर पट्टाच गेला होता की योगायोग, हे कळायला जुना पट्टा पुन्हा लावून बघतात. मी हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितलं, त्यांच्या कानाशी, सगळं नीट.

"मंजे त्याले पुन्हा बिमार पाडाचं?"

"दोनच दिवस. पक्कं कयन."

"कोनाले कयन?"

"आपल्याले. डॉक्टरीनले."

"मी शप्पथ घेतली तवा तुले पक्कं पायजे होतं," सासरे म्हणाले. रागाने नाही, एखादी जुनी गोष्ट सांगावी तसं. "आता त्या मुक्या जिवाले पुरावा मांगून राह्यली तू. तो चांगला हाय, हे पाह्य ना. पुरे नाई का तेवढं?"

माझ्याकडे उत्तर होतं. पुरे नाही, हे उत्तर होतं. उद्या पुन्हा बिघडलं तर आपल्याला माहीत पाहिजे, हे उत्तर होतं, आणि ते बरोबरच आहे, आजही मला तसंच वाटतं. पण कुत्रा खाटेखाली पाय वर करून झोपला होता आणि सासरे माझ्याकडे बघत थांबले होते, मी काय करते ते. मी आत जाऊन फोन लावला. डॉक्टरांना सांगितलं, आम्ही ते करणार नाही.

"का हो ताई? तुम्ही तर समजून घेता सगळं."

"समजलंय," मी म्हटलं. "पण करणार नाही."

त्या हसल्या. "ठीक आहे. मग कागदावर 'बहुधा' लिहावं लागेल. बहुधा अन्नाने. आणि परत बिघडलं तर त्याच दिवशी घेऊन यायचं, नागपूर टळणार नाही."

मी म्हटलं, लिहा.

याला आता वर्ष होत आलं. मासोळी अजून चालू आहे. काटे काढायला मला आता वीस मिनिटं पुरतात. संध्याकाळी चक्की बंद केली की मी पायरीवर बसत नाही, थेट मोरीत जाते. डोक्यावरूनच अंघोळ, कारण पीठ सगळ्यात जास्त केसांत असतं. पावसाळ्यात सर्दी झाली, नवरा म्हणाला, एका कुत्र्यासाठी एवढं? मी म्हटलं, तुझ्यासाठी पण केलं असतं, तुझ्या पोटाला पीठ बाधलं असतं तर.

परवा असंच न्हाऊन मागे आले तर सासरे खाटेवरून वाकून कुत्र्याच्या पोटावर हात ठेवून बसले होते. तोंड काळजीत.

"हाताले हालते काई तरी," ते म्हणाले. "मले आयकू येत नाई. तू पाह्य बरं."

मी खाली बसले. केसांतून पाणी गळत होतं, ते एका हाताने मागे धरलं आणि त्या कुत्र्याच्या पोटाला कान लावला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा. पोट गरम होतं. आत हळू काहीतरी सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं, जेवलेल्या कोणाच्याही पोटात होतं तसं. त्याने मान वळवून मला हुंगलं आणि परत डोकं टेकवलं.

"काय म्हनते?" सासऱ्यांनी विचारलं.

मी डोकं उचललं नाही, त्यामुळे ओरडताही येईना. हात वर करून नुसता हलवला, काही नाही म्हणून, आणि थोडा वेळ तशीच ऐकत राहिले.